नळ, मैदान आणि वर्गणी

नळाचा इतिहास कुणी लिहीत नाही. राजाचा लिहितात, किल्ल्याचा लिहितात, गव्हर्नरच्या पुतळ्याचासुद्धा लिहितात. पण पहाटे हंडा-कळशी घेऊन रांगेत उभी राहिलेली बाई कुणाच्या मागं उभी होती, कुणी तिला 'जरा लांब धर' म्हटलं, आणि तिनं लांब धरलं की नाही धरलं, हे कुठल्या पुस्तकात येत नाही. मी इतिहासाचा मास्तर नव्हे. पाळी करून जे वाचता आलं, म्हाताऱ्या माणसांच्या कट्ट्यावर बसून जे ऐकता आलं, त्याच्यावर हे लिहितोय. विषय चाळीचा. चाळीत जे सगळ्यांचं म्हणून असतं, म्हणजे नळ, संडास, जिना, पॅसेज, मैदान, उत्सवाचा मांडव, ते खरोखर सगळ्यांचं कधी झालं आणि कसं झालं, एवढाच प्रश्न.

हा प्रश्न आत्ता विचारायचं कारण आहे. १४ ऑगस्ट २०२५ ला वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या घराच्या चाव्या दिल्या गेल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीत जन्म काढलेली माणसं ५०० चौरस फुटांत गेली. चाळीस मजल्यांची इमारत, लिफ्ट, आणि मुख्य म्हणजे घरात संडास. चांगलं झालं. ह्यात रडण्यासारखं काही नाही. चाळीच्या सामायिक संडासावर हळव्या कविता करणारे कधी तिथं डबा घेऊन उभे राहिले नसावेत. पोटुशी बाई, ताप आलेलं पोर, गुडघे गेलेली म्हातारी, सगळ्यांनी त्याच रांगेत शंभर वर्षं काढली. ती रांग गेली, बरं झालं.

पण रांगेबरोबर दुसरंही काही जातंय का, ते बघायला पाहिजे. त्यासाठी थोडं मागं जावं लागेल. चाळीच्याही मागं, पाणवठ्यापर्यंत.

१

चाळीत आलेला आपला माणूस गावातून आला होता. कोकणातून, देशावरून. गावात सामायिक म्हणजे काय ते त्याला पक्कं माहीत होतं. विहीर गावाची, पण 'गाव' ह्या शब्दात महारवाडा येत नव्हता. मांगवाडा येत नव्हता, चांभारवाडा येत नव्हता. विहीर खणायला हे लोक, गाळ काढायला हे लोक, आणि पाणी भरायला कुणी वरून ओतेल तेव्हा.

४ ऑगस्ट १९२३ ला मुंबईच्या कायदे कौन्सिलात एक ठराव पास झाला. मांडणारे सीताराम केशव बोले. हे बोले मुंबईतल्या कामगारांत वावरलेले, कामगार हितवर्धक सभेचे पुढारी. ठराव असा की सरकारी किंवा सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच शाळा, कोर्टं, दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत. महाडच्या नगरपालिकेनं १९२४ साली त्याप्रमाणं आपलं तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर तळं सगळ्यांचं झालं.

पण एकाही अस्पृश्यानं त्याचं पाणी भरलं नाही. भरता आलं नाही. तीन वर्षं ठराव दप्तरात पडून राहिला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले, तेव्हा कुठं त्या ठरावाला अर्थ आला. आणि लगेच काय झालं? परत निघालेल्या लोकांना गाठून मारलं. तळ्यात पंचगव्य ओतून तळं 'शुद्ध' करून घेतलं. त्याच वर्षी ऑगस्टात नगरपालिकेनं आपला ठराव मागं घेतला. डिसेंबरात सवर्ण मंडळी कोर्टात गेली. कोर्टात त्यांचं म्हणणं काय, तर हे तळं सार्वजनिक नाहीच, खाजगी आहे.

हे नीट लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल. आपण दारात जाऊन उभं राहीपर्यंत जागा सार्वजनिक असते. आपण उभं राहिलो की ती खाजगी होते.

मुंबई हायकोर्टानं १७ मार्च १९३७ ला निकाल दिला, आपल्या बाजूनं. म्हणजे ठरावापासून निकालापर्यंत चौदा वर्षं गेली. ठराव आणि निकाल ह्या दोन कागदांच्या मध्ये माणसांनी मार खाल्ला, केस लढवली, पैसा उभा केला. कागदाची किंमत मी कमी करत नाही. तो नसता तर कोर्टात उभं राहता आलं नसतं. पण कागद पाणी पाजत नाही, हेही तितकंच खरं.

२

आता मुंबई. १८९६ साली शहरात प्लेग आला. त्यानंतर १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. रस्ते रुंद करायचे, दाट वस्ती पाडायची आणि मोडलेल्या वस्तीतल्या लोकांसाठी चाळी बांधायच्या. ह्याच ट्रस्टच्या परळच्या एक नंबरच्या चाळीत बाबासाहेब १९१२ पासून १९३४ पर्यंत राहिले. बावीस वर्षं. परदेशातून पदव्या घेऊन आलेला माणूस कामगारांच्या चाळीत राहत होता, त्याच जिन्यानं चढत-उतरत होता. महाडची तयारी, 'मूकनायक', 'बहिष्कृत भारत', गोलमेज परिषदेला जाणं, सगळं त्या चाळीत असताना झालं.

मग आली बीडीडी. १९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉईडच्या वेळी बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट उघडलं. गिरणी कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधायचा बेत. पैसा उभा करायला शहरात येणाऱ्या कापसाच्या दर गाठीमागं एक रुपया कर बसवला. म्हणजे जो कापूस कामगार पिंजत होता, कातत होता, त्याच्यावरच्या करातून त्याची खोली. बेत ५०,००० चा, पण बांधून झाल्या १६,००० च्या आसपास. वरळीत १२१ चाळी, नायगावला ४२, डिलाईल रोडला (आता ना. म. जोशी मार्ग) ३२ आणि शिवडीला १२. एकूण २०७. प्रत्येक चाळ तळमजला अधिक तीन मजले. मजल्यावर वीस खोल्या, मधून अंधारा पॅसेज, दोन्ही बाजूला दहा-दहा दारं. चाळीत ऐंशी खोल्या. संडास मजल्याला सामायिक.

सिमेंटच्या ह्या चाळी सुरुवातीला कामगारानं घेतल्या नाहीत. भाडं परवडेना, वरळी गिरण्यांपासून लांब पडे. कितीतरी खोल्या वर्षानुवर्षं रिकाम्या होत्या. इतक्या, की १९३० च्या कायदेभंगात सरकारनं वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग केला. बांधणीच अशी होती की तुरुंग करायला फार काही बदलावं लागलं नसणार.

मग हळूहळू खोल्या भरल्या. कशा भरल्या? गावानं गाव ओढलं, जातीनं जात ओढली. एका खोलीत एका गावचे दहा-पंधरा गडी. आपल्या माणसाला आपली माणसं असलेल्या चाळीतच खोली मिळे. म्हणून वरळीत, नायगावात काही चाळी 'आपल्या' म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या आणि काही 'त्यांच्या'. सरकारी खात्याच्या नावात 'सार्वजनिक बांधकाम' असा शब्द आहे. त्या सार्वजनिक बांधकामात गावाची वेस तशीच्या तशी उभी राहिली, फक्त सिमेंटची.

गिरणीतही तेच. साचेखात्यात जास्त मजुरी. पण साचेखात्यात अस्पृश्याला घेत नसत. कारण काय? धोट्यात नवी कांडी घातली की धागा तोंडानं ओढून काढावा लागे. ज्या धोट्याला महाराचं तोंड लागलं त्याला मराठ्यानं तोंड कसं लावायचं? मग महार रिंग खात्यात, कमी मजुरीवर. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना रोखठोक विचारलं की साचेखात्याचं दार आमच्यासाठी उघडणार की नाही. ते मागण्यांच्या यादीत घालायला लावलं. लाल बावटा मालकाशी भांडत होता, पण धोट्यावरची जात त्याच्याही नजरेआड होती. माठाचं वेगळं सांगायला नको. पाण्याचा माठ आमचा वेगळा असे, हे आमच्या म्हाताऱ्यांनी त्यांच्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेलं.

सगळंच काळं होतं असं मात्र नाही. ७ नोव्हेंबर १९३८ ला औद्योगिक कलहाच्या बिलाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला, तेव्हा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र उभे होते. त्या दिवशी 'आपल्या' आणि 'त्यांच्या' चाळी एकाच मैदानात आल्या. मैदानात येता येत होतं. नळावर येता येत नव्हतं.

३

आता उत्सवाकडे येतो. चाळीचं खरं रूप उत्सवात दिसतं, कारण उत्सवाला वर्गणी लागते. वर्गणी कुणाकडून घ्यायची आणि कुणाला मांडवात घ्यायचं, हे दोन वेगळे हिशेब असतात.

मुंबईत सार्वजनिक गणपती १८९३ साली गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत बसला. तिथून तो कामगार भागात पसरला. पुढं १९२६ साली दादरला प्रश्न उभा राहिला. उत्सव सार्वजनिक आहे ना, मग अस्पृश्याला पूजा का करू देत नाही? डॉ. आंबेडकर, रावबहादूर बोले, प्रबोधनकार ठाकरे हे त्यात पुढं होते. बराच गोंधळ झाला, शेवटी तडजोडीवर मिटलं. त्यानंतर प्रबोधनकारांनी सगळ्या जातींसाठी म्हणून दादरला नवरात्राचा उत्सव काढला. मला त्या देवाशी काही करायचं नाही. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपला तो रस्ताच राहिला नाही. पण 'सार्वजनिक' ह्या शब्दाची परीक्षा कशी घ्यायची ते त्या माणसांनी दाखवलं.

दुसऱ्या बाजूला आपल्या लोकांनी आपलं उभं करायला घेतलं होतं. १९२४ साली परळच्या दामोदर हॉलमध्ये सभा भरली आणि त्यातून बहिष्कृत हितकारिणी सभा निघाली. ह्या सभेनं काय काय केलं ते वाचताना मी थांबलो. सोलापूरला मुलांचं वसतिगृह. मुंबईत मोफत वाचनालय. आणि महार हॉकी क्लब. हो, हॉकी. जुगार आणि दारूपासून पोरांना लांब ठेवायचं तर त्यांना हातात काहीतरी द्यायला पाहिजे, म्हणून हॉकीची काठी. आज सोसायटीच्या जाहिरातीत 'क्लब हाऊस' असतं, 'जिम' असते. शंभर वर्षांपूर्वी ज्यांना नळाला हात लावू देत नव्हते त्यांनी वाचनालय आणि क्लब काढला होता, आणि त्यासाठी कुणा बिल्डरची वाट बघितली नव्हती.

मग जयंती. १४ एप्रिल १९२८ ला पुण्यात जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी बाबासाहेबांची पहिली सार्वजनिक जयंती केली. पुढं ती चाळीचाळीत आली. जयंती म्हणजे नुसती मिरवणूक नव्हे. जयंती म्हणजे मंडळ, मंडळ म्हणजे पावती पुस्तक, पावती पुस्तक म्हणजे लिहिता-वाचता येणारा सेक्रेटरी, आणि सेक्रेटरी म्हणजे रात्रशाळा. एकाला एक लागून आलं. जयंतीत जलसा. भीमराव कर्डकांचा जलसा गावोगाव फिरला, चाळीत फिरला. तमाशाचा बाज, पण गवळणीच्या जागी पाणवठ्याचा प्रश्न.

वामनदादा कर्डकांचं उदाहरण सगळ्यांना माहीत पाहिजे. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस मुंबईत आला, गिरणीत राबला, शिवडीच्या बीडीडी चाळीत राहिला. निरक्षर. समता सैनिक दलात होते. मोठेपणी चाळीत बाराखडी शिकले. १९४३ साली पहिलं गाणं लिहिलं. त्यानंतर २००४ साली जाईपर्यंत ते लिहीत आणि गात राहिले. आज महाराष्ट्रात एकही जयंती त्यांच्या गाण्याशिवाय होत नाही. तो माणूस विद्यापीठानं घडवला नाही. चाळीतल्या सामायिक जागेनं घडवला, जिथं पाळीवरून आलेला कुणीतरी पाळीवरून आलेल्या दुसऱ्याला पाटीवर अक्षर काढून दाखवत होता.

म्हणून म्हणतो, आपल्या चाळीतलं मंडळ म्हणजे करमणूक नव्हती. बौद्धजन पंचायत समितीची शाखा असो, जयंती मंडळ असो, गावकीची बैठक असो, तिथं लग्न जुळलं, मयताचा खर्च निघाला, भांडण मिटलं, पोराची फी भरली गेली. तळमजल्यावरची एखादी खोली विहार झाली. दर महिन्याची वर्गणी वहीत लिहिली गेली. आमच्या शेजारच्या एका म्हाताऱ्यानं मला असली एक जुनी वही दाखवली. नावापुढं आणे, आण्यांपुढं सही, आणि जिथं सही येत नाही तिथं अंगठा. पुढच्या काही पानांवर त्याच नावापुढं अंगठ्याच्या जागी सही होती. वहीनं इतिहास लिहिला होता, कुणाला न सांगता.

पण एक गोष्ट सांगितली पाहिजे, आपल्याच लोकांना. त्या वहीत बायांची नावं नव्हती. पाणी बायांनी भरलं, संडास बायांनी धुतले, जयंतीचं जेवण बायांनी रांधलं, मोर्चात पुढं बाया. २० जुलै १९४२ ला नागपूरच्या परिषदेत सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या आणि हजारो स्त्रिया जमल्या होत्या. तरी चाळीच्या मंडळाच्या पत्रिकेवर अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार सगळे बापे. ज्या माणसाला नळावर उभं राहायचा अधिकार पाहिजे होता त्यानं मंडळाच्या बाकड्यावर बाईला बसायचा अधिकार दिला नाही. ह्याचाही इतिहास लिहायला पाहिजे, आणि तो बायांनी लिहायला पाहिजे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून ह्यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' लिहून सुरुवात केलेली आहे.

४

वरळीच्या चाळींत दोन मैदानं ओळखीची. एक जांबोरी मैदान, एक आंबेडकर मैदान. ५ जानेवारी १९७४ ला आंबेडकर मैदानावर दलित पँथरची सभा होती. मुंबईत लोकसभेची पोटनिवडणूक तोंडावर होती आणि पँथरनं बहिष्कार पुकारला होता. गावागावांत आपल्या लोकांवर अत्याचार होत असताना मतं कसली मागता, हा सवाल. सभेवर दगड आले. पोलिसांच्या लाठ्या आल्या. मग दंगल पेटली, वरळीतून नायगावकडे गेली, कितीतरी आठवडे धुमसत राहिली. १० जानेवारीला परळला निषेध मोर्चावर वरून पाटा टाकला गेला आणि भागवत जाधव मारले गेले.

पाटा. मसाला वाटायचा. घरातली रोजची वस्तू. दंगलीत तलवारी निघतात, सोड्याच्या बाटल्या निघतात. पण ज्या दगडावर कालपर्यंत चटणी वाटली तो उचलून खाली रस्त्यानं जाणाऱ्या माणसाच्या डोक्यावर टाकायचा, ह्याला नुसतं राजकारण पुरत नाही. त्याच्या मुळाशी ते जुनं 'लांब धर' आहे.

दंगलीत जिना, पॅसेज, गच्ची, नळ सगळं मोर्चेबंदीचं झालं. ज्या चाळी पन्नास वर्षं एकमेकींसमोर उभ्या होत्या त्या गच्च्यांवरून एकमेकींवर दगड टाकू लागल्या. सिमेंटची वेस त्या महिन्यात उघडी पडली. बोलेंच्या ठरावाला तोवर पन्नास वर्षं झाली होती. घटनेलाही चोवीस वर्षं झाली होती. घटनेच्या १५ व्या कलमात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते अशी यादीच दिलेली आहे, कुणालाही जातीवरून अडवायचं नाही म्हणून. १७ व्या कलमानं अस्पृश्यता नष्ट केली. यादीत होतं ते सगळं वरळीत होतं.

त्याच्यानंतर आठ वर्षांनी, १८ जानेवारी १९८२ ला, दत्ता सामंतांच्या पुढारीपणाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर आले. तो संप रीतसर मिटलाच नाही. संपात चाळीची वर्गणी संपली. ज्याच्या चुलीवर भाकरी नाही तो मंडळाला रुपये कुठून देणार? हळूहळू गिरण्या गेल्या, जमिनी गेल्या. आज मी ज्या गिरणीत पाळी करतो ती मुंबईत नाही.

संपानंतर एक बदल झाला त्याच्याकडे कमी लोकांचं लक्ष आहे. जयंती थांबली नाही, उलट मोठी झाली. मांडव मोठा, स्पीकर मोठा, कमान मोठी. पैसा कुठून आला? नगरसेवकाकडून, आमदाराकडून, बिल्डरकडून, केबलवाल्याकडून. कमानीवर बाबासाहेबांचा फोटो एवढा आणि साहेबांचा फोटो त्याच्या दुप्पट. गणपतीचं तेच, दहीहंडीचं तेच. ज्या दिवशी पावती पुस्तक बंद झालं त्या दिवशी हिशेब विचारायचा अधिकार गेला. पूर्वी आठ आणे देणारी म्हातारी खजिनदाराला दरवाज्यात अडवून विचारायची, 'काय रे, मांडवाला किती लागलं?' आता साहेबांनी दिलेल्या पैशाचा हिशेब ती कोणत्या तोंडानं विचारणार? मांडव तिच्या दारासमोर असतो. पण तिचा नसतो.

५

आपण आपल्या पैशानं उभं केलेलंही आपोआप आपलं राहत नाही, हे दादरला दिसलं. गोकुळदास पास्ता रोडवरचं आंबेडकर भवन आणि तिथला बुद्धभूषण छापखाना. बाबासाहेबांच्या चळवळीची ही जागा, कितीतरी सभा, बैठका, परित्राणपाठ, कामगारांच्या युनियनी तिथं झाल्या. २५ जून २०१६ ला पहाटेच्या अंधारात ते पाडलं. लोक झोपेत असताना. १९ जुलैला मुंबईत मोर्चा निघाला, भर पावसाळ्यात, प्रचंड. मोर्चा निघाला कारण लोकांना ती जागा कागदाच्या मालकीनं नाही तर वापरानं आपली वाटत होती. पण कागद कुणाकडे आहे, विश्वस्त कोण, त्यांच्या बैठका कधी होतात, हे त्या मोर्चातल्या किती जणांना पाडापाडीच्या आधी माहीत होतं? महाडला कागद होता आणि वापर नव्हता. दादरला वापर होता आणि कागदाकडे लक्ष नव्हतं. दोन्ही लागतात.

हे ध्यानात ठेवून आता नव्या टॉवरकडे बघू.

बीडीडीच्या पुनर्विकासाचं काम म्हाडाकडे. वरळीला भूमिपूजन २०१७ साली झालं. २०२२ साली सरकारनं चाळींची नवी नावं जाहीर केली: वरळीला बाळासाहेब ठाकरे नगर, नायगावला शरद पवार नगर, ना. म. जोशी मार्गाला राजीव गांधी नगर. ज्यांच्या नावाचं मैदान लोकांनी आपण होऊन वरळीत केलं त्यांचं नाव त्या तीनात नव्हतं. नावावर मी इथं भांडत बसत नाही. नावापेक्षा आतला कारभार मोठा.

टॉवरमध्ये सोसायटी होणार. सोसायटी म्हणजे सहकारी कायदा, पोटनियम, कमिटी, सर्वसाधारण सभा. लिफ्टचं बिल, पंपाचं बिल, वॉचमनचा पगार, म्हणजे दर महिन्याचा मेंटेनन्स. चाळीत गेली शंभर वर्षं जे रिवाजानं चाललं ते आता नियमानं चालेल. हॉल कुणाला द्यायचा, गच्चीवर कोण जाणार, आवारात मांडव घालायचा की नाही, पोस्टर कुठं लावायचं, हे सगळं सभेत हात वर करून ठरेल. आणि जी गोष्ट सभेत कुणी मांडलीच नाही ती 'नियमात नाही' म्हणून बंद होईल. भांडण नको, दंगा नको, दगड नको. गोड आवाजात सेक्रेटरी म्हणेल, 'आपल्या सोसायटीत धार्मिक कार्यक्रम नकोत बरं का.' आणि सहा महिन्यांनी त्याच हॉलमध्ये सत्यनारायण होईल, कारण तो 'धार्मिक' नसतो, तो 'सगळ्यांचा' असतो. हे मी मनानं रचून सांगत नाही. पुनर्विकास झालेल्या इमारतीत राहायला गेलेल्या कितीतरी आपल्या लोकांनी हे मला सांगितलंय.

महाडचं ते वाक्य आठवा. आपण दारात गेलो की जागा खाजगी होते.

शिवाय मेंटेनन्स. ज्याची नोकरी पक्की नाही, जो कंत्राटावर सफाईला जातो, जी चार घरची धुणीभांडी करते, तिचा मेंटेनन्स थकला तर? थकबाकीदाराची यादी बोर्डावर लागते. पूर्वीच्या चाळीत एखाद्याची वर्गणी थकली तर मंडळ समजून घेई, कारण मंडळातल्या प्रत्येकाचा कधी ना कधी खाडा झालेला असे. टॉवरचा पंप खाडा समजून घेत नाही. पैसे थकले म्हणून माणूस सभेत तोंड उघडत नाही, आणि तोंड उघडलं नाही म्हणून सभा दुसऱ्यांची होते. सामायिक जागेतून माणूस असाही बाहेर पडतो, कुणी न हाकलता.

म्हणून नव्या घरात गेलेल्यांना आणि जायच्या वाटेवर असलेल्यांना माझं सांगणं सरळ आहे. चाळीत आपल्या मंडळानं जे जे चालवलं त्याची आत्ताच यादी करा. विहाराची खोली किती फुटांची होती. वाचनालयात पुस्तकं किती. वंदना कोणत्या वारी. जयंतीचा मांडव कुठून कुठपर्यंत. मयताला सामान कोण आणत होतं. मैदानावर कोणता खेळ, कोणत्या वेळी. जुन्या वह्या, पावती पुस्तकं, पत्रिका, फोटो एका पेटीत घाला, रद्दीत देऊ नका. ती यादी घेऊन सोसायटीच्या पहिल्या सर्वसाधारण सभेला जा, नंतरच्या नव्हे. ठरावात लिहून घ्या, की हॉल सगळ्या सदस्यांना एकाच दरानं, एकाच नियमानं मिळेल आणि विहाराला, वाचनालयाला जागा राहील. लिहिलेल्याची प्रत मागा. आणि लिहून झालं की वापरा. पहिल्याच महिन्यात हॉल घ्या, पोरांची अभ्यासिका लावा, त्यात 'त्यांच्या' पोरांनाही बोलवा. आपण दार लावून घेतलं तर आपल्यात आणि जुन्या पाणवठ्यावाल्यात फरक काय राहिला?

वर्गणी परत सुरू करा. दहा रुपये का होईना, पण घराघरातून, पावती फाडून. साहेबांची कमान नको. कमिटीच्या निवडणुकीला बायांनी उभं राहायला पाहिजे, निदान निम्म्या जागांवर, कारण पाण्याचा, कचऱ्याचा, जिन्याचा हिशेब त्यांच्याइतका कुणाला कळत नाही. आणि ज्यांचा मेंटेनन्स थकेल त्यांच्यासाठी मंडळाचा एक छोटा फंड ठेवा, म्हणजे थकलेला माणूसही सभेत मान वर करून बसेल.

ज्यांच्या खोल्या अजून उभ्या आहेत त्यांच्या पॅसेजमध्ये आजही दिवसा दिवा लावावा लागतो. तिथल्या मंडळाची वही कुणाच्या तरी ट्रंकेत आहे. घर रिकामं करायची नोटीस येण्याआधी ती वही शोधा.